वेलीचं पाणी, फक्त डाव्या हाताला

आमच्या कोलंबसच्या मराठी मंडळात गणपतीचं जेवण असलं की कुणीतरी नवीन काकू हमखास विचारायच्या, "ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणजे तू नक्की करतेस काय गं? नोकऱ्या शोधून देतेस का लोकांना?" मंडळातले डॉक्टर त्यांच्या मदतीला धावायचे आणि सांगायचे, "फिजिओसारखंच असतं ते." माझा नवरा श्रीकांत वरणभात कालवत म्हणायचा, "ती हॉस्पिटलात शिवणकाम करते." तो थट्टा करायचा, पण त्याचंच उत्तर खरं कामाच्या सगळ्यात जवळ जायचं.

मी भाजलेल्या माणसांच्या विभागात होते. नागपूरला शिकले, लग्न होऊन ओहायोत आले, परवान्याची परीक्षा पुन्हा दिली आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला या विभागात चिकटले ती रिटायर होईपर्यंत. भाजलेल्या जागी सर्जन दुसरीकडची कातडी लावतात, ती धरते, सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. माझं काम तिथून सुरू व्हायचं. कारण नवी कातडी गप्प बसत नाही. ती वर उठते, जाड होते, दोरखंडासारखी आवळत जाते. कोपर उघडेनासं होतं, बोटं आत वळतात, हनुवटी छातीकडे ओढली जाते. तिला आवळू द्यायचं नाही, एवढंच आमचं काम. त्यासाठी गरम पाण्यात मऊ केलेलं प्लास्टिक हातावर बसवून साचे करायचे, रोज सांधे ताणायचे, आणि अंगाला घट्ट बसणारे खास कपडे घालायचे. मनगटापासून खांद्यापर्यंत बोटाबोटाच्या अंतरावर मापं घ्यायची, ती कारखान्याला पाठवायची, कपडा आला की मशीनवर बसून त्याची शिवण सुधारायची. अंगठ्याच्या बेचक्यात शिवण जराशी सैल राहिली तरी तिथे कातडी उठणार. हे कपडे वर्ष-दीड वर्ष दिवसरात्र घालायचे. आंघोळीपुरते काढायचे, पुन्हा चढवायचे.

आता एक गोष्ट सांगते, जी डॉक्टरांच्या घरातही पटकन कळत नाही. भाजल्याचं दुखणं सगळ्यांना समजतं. पण जखम भरून आली की खाज सुटते, आणि खाज म्हटलं की लोकांना हसू येतं. मी मोठमोठ्या धट्ट्याकट्ट्या माणसांना, ज्यांनी ड्रेसिंग बदलताना 'हूं' केलं नाही त्यांना, या खाजेपायी भिंतीला पाठ घासत रडताना पाहिलंय. वारूळ अंगावर उपडं केल्यासारखी ती खाज असते. ती झोप खाते. झोप गेली की माणूस कपडे ओरबाडून काढतो, नखं लावतो, नवी कातडी फाटते, आणि सगळं मुसळ केरात.

लिन हा असाच एक पेशंट. चाळिशीचा, अंगाने सडसडीत, शहराबाहेरच्या एका चायनीज रेस्टॉरंटचा मुख्य आचारी. तळणीची मोठी कढई कलंडली आणि ती सावरायला त्याने दोन्ही हात पुढे केले. आचाऱ्याच्या अंगात ती सवयच असते. दोन्ही हात कोपराच्या वरपर्यंत आणि छातीचा थोडा भाग भाजला. कातडी उत्तम बसली होती. घरी गेल्यावर तो आठवड्यातून तीनदा माझ्याकडे यायचा आणि दर वेळी नव्या ओरखड्यांसह यायचा.

त्याला इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं. त्याची बायको मेई त्याच रेस्टॉरंटात वाढपाचं काम करायची. तिचं सगळं इंग्रजी मेन्यूकार्डातलं.

"स्किन व्हेरी स्पायसी," ती पहिल्या दिवशी मला म्हणाली, "नो स्लीप. ऑल द टाइम स्पायसी."

खाजेचं इतकं नेमकं वर्णन मी तोवर कुणाकडून ऐकलं नव्हतं.

डॉक्टरांनी अ‍ॅलर्जीच्या गोळ्या दिल्या होत्या, मलमं दिली होती. थोडा फरक पडायचा, पुरेसा नाही. जानेवारीत एका सकाळी मेई लिनला घेऊन आली ती डोळे सुजवून. लिन पहाटे उघड्या अंगाने अंगणातल्या बर्फात जाऊन उभा राहिला होता. खाज थांबावी म्हणून. शेजाऱ्यांनी घाबरून पोलीस बोलावले. पोलिसांनी बिचाऱ्यांनी ब्लँकेट गुंडाळून त्याला आत आणून सोडलं, पण लाजेने तो दिवसभर कुणाशी बोलला नाही.

मी त्याचे हात उघडले. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट आत वळायला लागलं होतं. कढई उलटवायला जी दोन बोटं दांडा आवळून धरतात, तीच.

आमचे सर्जन डॉ. प्रॉक्टर जेवढ्यास तेवढं बोलणारे. त्यांनी हात पाहिले आणि म्हणाले, "त्याने कपडे अंगावर ठेवले नाहीत तर उन्हाळ्यात मला पुन्हा कापावं लागेल. आणि मग हा हात चहाचा कप धरेल. कढई नाही."

मेईला हे मी समजावून सांगितलं. ती ऐकून घेत होती. मग तिने पर्समधून एक कागदी पुडी काढून माझ्या टेबलावर उलगडली. आत वाळलेल्या काटक्यांच्या चकत्या होत्या. बाहेरून तांबूस तपकिरी, आत फुलासारखी नक्षी.

तिने हातवारे करून सांगितलं ते असं : ही एका वेलीची खोडं. रात्री दोन वेली एकमेकींना विळखा घालून निजतात म्हणून तिचं नावच 'रात्री गुंफणारी वेल' असं आहे. झोप येत नसेल तर हिचा काढा प्यायचा. अंगाला खाज असेल तर उकळून त्या पाण्याने अंग पुसायचं. तिच्या आईने हेच केलं, आजीने हेच केलं.

मला हे परकं वाटायचं कारणच नव्हतं. लहानपणी कांजिण्या उतरल्यावर मला कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ घातली होती. पण मी तिला म्हटलं, "नाही, मेई. विचारल्याशिवाय काही लावायचं नाही." नव्या कातडीवर कुणी काय काय लावतं ते मी पाहिलं होतं. लोणी, टूथपेस्ट, अंड्याचा पांढरा बलक. एकाला त्यातून जंतुसंसर्ग होऊन पुन्हा अ‍ॅडमिट करावं लागलं होतं.

ती पुडी घेऊन मी डॉ. प्रॉक्टरांकडे गेले.

"माझ्या युनिटमध्ये काटक्या येणार नाहीत," ते म्हणाले.

"त्यांना परवानगी मिळायला काय करावं लागेल?" मी विचारलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मला वाटेला लावण्यासाठीच बहुतेक, पण त्यांनी सांगितलं. "ही वस्तू नक्की कुठली आहे ते सांगा. उकळल्यावर पाण्यात जंतू नाहीत हे लॅबकडून आणा. आणि त्याच्या कातडीवर फोड येत नाहीत हे दाखवा. तेही पूर्ण भरलेल्या जागी. उघड्या जखमेला थेंबही लागता कामा नये."

"ठीक आहे," मी म्हटलं. आपण दार बंद केलं असं त्यांना वाटत होतं. मला वाटलं, त्यांनी कुलूप कुठे आहे ते दाखवलं.

संध्याकाळी श्रीकांत म्हणाला, "अगं, तुझं काम मापं घेणं. हे कशाला अंगावर घेतेस?" मी म्हटलं, "मी मापं घेतलेले कपडे तो माणूस घालत नाहीये. मग मी करतेय काय तिथे?" शनिवारी गाडीत पेट्रोल भरून ठेवलं त्याने.

कोलंबसच्या चिनी दुकानात मिळणाऱ्या पुडीवर नाव-गाव काही नव्हतं. म्हणून मेईला घेऊन मी क्लीव्हलंडला गेले. तिथे औषधी मुळ्यांचं एक जुनं दुकान होतं. भिंतभर लाकडी खण, काउंटरवर हातात धरायची तराजूदांडी, आणि मागे स्वेटर घातलेला एक म्हातारा. त्याने आमच्या पुडीतल्या चकत्या वर्तमानपत्रावर पसरल्या, एकेक उजेडात धरली, आणि तीन-चार बाजूला काढून टाकल्या. त्या दुसऱ्याच कसल्यातरी वेलीच्या होत्या. त्याने स्वतःच्या खणातला माल दिला, लॅटिन नाव एका जाड पुस्तकातून दाखवलं. एक अट पुरी झाली म्हणून मी मनात खूश.

मग त्याने मेईला त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. तिने खाली बघत उत्तर दिलं. म्हाताऱ्याचा आवाज एकदम चढला. त्याने माझ्याकडे बोट दाखवून पुन्हा काहीतरी म्हटलं. मेईने नकारार्थी मान हलवली.

परतताना गाडीत ती पुडी मांडीवर घट्ट धरून बसली. बाहेर दोन्ही बाजूंना बर्फाखाली गेलेली मक्याची शेतं. बऱ्याच वेळाने मी विचारलं, "काय म्हणाले ते?"

"ही आस्क, ड्रिंक ऑल्सो? आय से यस." मग तिने हळूहळू सांगितलं. गेला महिनाभर ती लिनला रोज तो काढा पाजत होती, वर डॉक्टरांच्या गोळ्या होत्याच. झोप येईना म्हणून तिने काढा दुपटीने कडक केला होता. म्हातारा म्हणाला होता, हॉस्पिटलच्या औषधांबरोबर हे देतेस आणि या बाईला सांगत नाहीस?

"मला डॉक्टरांना सांगावं लागेल, मेई."

"नो. प्लीज. यू टेल, ही स्टॉप एव्हरीथिंग."

"मला सांगावंच लागेल."

तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. घर येईपर्यंत ते तसंच राहिलं.

सोमवारी मी सांगितलं. रक्त तपासलं तर लिनच्या लिव्हरचे आकडे चढलेले. डॉ. प्रॉक्टर ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "गोळ्यांमुळे असेल, भुलीच्या औषधांमुळे असेल, नाहीतर या काटक्यांमुळे. मला सांगता येत नाही. त्यामुळे मी न दिलेली गोष्ट आधी बंद होणार." त्यांनी काढा बंद केला, गोळ्याही बदलल्या. पुसण्याच्या पाण्याचा विषय काढायची सोय उरली नाही. पुढे कित्येक वर्षांनी या वनस्पतीने काहींच्या लिव्हरला अपाय होतो असे इशारे माझ्या वाचनात आले. तेव्हा आम्हांला कुणालाच ठाऊक नव्हतं.

लिन यायचा बंद झाला. पहिला आठवडा चुकला, दुसरा चुकला. रक्त द्यायला तो लॅबमध्ये जाऊन यायचा, माझ्याकडे मात्र नाही. फोन केला की मेई "राँग नंबर" म्हणून ठेवायची. इकडे माझ्या डोळ्यांसमोर ती दोन बोटं रोज थोडी थोडी मिटत होती. हातात फार तर पुढचे काही आठवडे होते. एकदा बोटं पक्की वळली की माझ्या साच्यांचा आणि शिवणकामाचा काही उपयोग नव्हता.

सुट्टीच्या दिवशी मी उठले आणि त्यांच्या रेस्टॉरंटात गेले. दुपारच्या जेवणाची गर्दी ओसरली होती. मी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले. मेई आली, पाण्याचा ग्लास ठेवला, पेन काढलं आणि माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत म्हणाली, "रेडी टू ऑर्डर?"

"भाज्या आणि भात."

"स्पायसी?"

"मेई, बस ना जरा."

"आय वर्क." ती गेली. भात आणून ठेवला. मी खात राहिले. चहा आणला. मी पीत राहिले. टेबलं रिकामी झाली, तिने खुर्च्या सारख्या केल्या, मिठाच्या बरण्या भरल्या. मी उठत नाही म्हटल्यावर शेवटी ती समोर येऊन उभी राहिली.

"यू टेल डॉक्टर. यू नॉट फ्रेंड."

"सांगितलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन," मी म्हटलं. "काल त्याच्या रक्ताचा रिपोर्ट आलाय. काढा बंद केल्यावर आकडे खाली आलेत. ही इज बेटर इनसाइड, मेई. ड्रिंक, नो. कधीच नाही. पण अंग पुसायच्या पाण्यासाठी मी भांडेन. आय विल फाइट. त्यासाठी मला लिन समोर पाहिजे. त्याची बोटं थांबणार नाहीत तुझा राग जाईपर्यंत."

तिला यातलं किती कळलं कोण जाणे. मी माझ्या उजव्या हाताची दोन बोटं मिटून तिच्यापुढे धरली, आणि टेबलावरची रिकामी प्लेट त्या हाताने उचलायचा प्रयत्न केला. प्लेट घसरून टेबलावर आपटली. मेईने ती उचलली. 

"ही इज होम," ती म्हणाली. "ही टेक ऑफ ऑल. नो ग्लव्ह. नो शर्ट." आणि तिथेच खुर्चीवर बसून रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊन आली.

मग मी कंबर कसली. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातून स्टीलचं भांडं मागून आणलं, वेलीच्या चकत्या वीसेक मिनिटं खळखळून उकळल्या, गाळल्या, पाणी निवलं की लॅबमध्ये पोचवलं. लॅबवाले म्हणाले, "वसुधा, हे काय, कोरा चहा?" जंतू निघाले नाहीत. लिनच्या मांडीवर, जिथे काही भाजलं नव्हतं, तिथे ते पाणी लावून दोन दिवस पाहिलं. मग बसलेल्या कातडीवर नाण्याएवढ्या जागी. फोड नाही, लाली नाही. हे सगळं घेऊन मी पुन्हा डॉ. प्रॉक्टरांसमोर उभी राहिले.

त्यांनी सगळं वाचलं. "तुम्ही सोडत नाही," ते म्हणाले.

"नाही."

"फक्त डावा हात," ते म्हणाले. "उजव्याला साधं कोमट पाणी. इथे, तुमच्या नजरेसमोर. म्हणजे निदान कळेल तरी, हे वेलीचं काम आहे की नुसत्या पाण्याचं."

मला हे आवडलं. दोन पातेली, दोन टॉवेल, एकाच माणसाचे दोन हात. यापेक्षा सरळ प्रयोग कुठला?

रोज दुपारी, संध्याकाळच्या कामावर जाण्याआधी, मेई लिनला घेऊन यायची. ओले फडके हातावर पसरायची, ते निवले की हलकेच उचलून दुसरे पसरायची. घासणं नाही, चोळणं नाही. अर्धा तास हे चालायचं, मी शेजारी मशीनवर शिवण सुधारत बसायची. मग मी तेलकट मलम लावून हातांवर ते घट्ट कपडे चढवायची. पहिल्या आठवड्यातच लिनने कपडे न काढता चार तास सलग झोप घेतली. मेई हे सांगताना चार बोटं वर करून हसत होती. दुसऱ्या आठवड्यात ओरखडे वाळले.

डॉ. प्रॉक्टर पाहायला आले. "कुठला हात जास्त बरा?"

लिनने दोन्ही हात पुढे केले. "सेम," तो म्हणाला. "बोथ गुड."

मी जरा हिरमुसले. पण डॉक्टर हातांकडे बघतच नव्हते. ते खुर्चीच्या उजव्या बाजूला लटकलेल्या टॉवेलकडे बघत होते. साध्या पाण्याच्या टॉवेलकडे. तो चहात बुडवल्यासारखा तपकिरी झाला होता.

सगळ्यांनी मेईकडे पाहिलं. तिने जराही मान खाली घातली नाही.

"राइट हँड," ती डॉक्टरांना म्हणाली, "इज ऑल्सो माय हजबंड."

मी फाइलमधून काहीतरी काढायच्या निमित्ताने पाठ फिरवली, हसू आवरेना म्हणून. डॉ. प्रॉक्टरांचं तोंड मात्र तसंच. जाता जाता दारात थांबून ते म्हणाले, "चालू ठेवा. दोन्ही."

म्हणून ही चुटपुट मला कायमची राहिली. ते वेलीचं काम होतं, की पाण्याचं, की बदललेल्या गोळ्यांचं, की अर्धा तास कुणीतरी शांतपणे हातावर फडकं ठेवतंय याचं, हे मला आजही सांगता येत नाही. मेईला विचारा, ती शंका घेऊ देणार नाही. मला शंका आहे. पण हात मात्र वाचले, याबद्दल शंका नाही.

बोटं सरळ व्हायला पुढचे कितीतरी महिने लागले. मी घरून लोखंडी कढई नेली आणि त्यात कोरडे हरभरे घातले. लिनने ते उडवून झेलायचे. पहिल्या दिवशी सगळे हरभरे जमिनीवर, आणि मी नि तो दोघंही गुडघ्यांवर रांगत वेचतोय. दर आठवड्याला मी मूठ-मूठ हरभरे वाढवत गेले. पुढच्या हिवाळ्यात तो पुन्हा चुलीसमोर उभा राहिला. आचाऱ्याच्या कोटाच्या आत मी मापं घेतलेल्या घट्ट बाह्या होत्या, तळणीचं काम मात्र दुसऱ्याकडे दिलं होतं.

त्याच सुमारास शेतातल्या डिझेलच्या भडक्याने भाजलेला एक शेतकरी आमच्याकडे होता. उंच, अबोल. खाजेने त्याने गादीचा कपडा फाडला होता. डॉ. प्रॉक्टर मला कॉरिडॉरमध्ये थांबवून म्हणाले, "तुमच्या त्या काटक्या..."

"नको," मी म्हटलं. त्यांना आश्चर्य वाटलं. "त्या वेलीचं काय खरं आणि काय नाही, हे आपल्याला माहीत नाही. त्याच्या लिव्हरशी मी खेळणार नाही. साधं उकळून निववलेलं पाणी पुरे. पण रोज अर्धा तास पाहिजे, घरच्या माणसाच्या हाताने. आणि शिकवायला मला एक माणूस लागेल."

मेईला मी फोन केला. या खेपेला तिने "राँग नंबर" म्हटलं नाही.

ती आली. शेतकऱ्याची बायको खुर्चीच्या टोकावर बसली होती, मोठ्या हाडाची बाई. फडकं इतकं घट्ट पिळत होती की पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. मेईने ते तिच्या हातातून घेतलं.

"नो, नो. स्लो," ती म्हणाली. "लाइक वॉश राइस. राइस ब्रेक, नो गुड."

त्या बाईने उभ्या आयुष्यात तांदूळ धुतले असतील-नसतील. पण तिने मेईच्या हातांकडे नीट पाहिलं, आणि पुढचं फडकं तसंच ठेवलं. मग त्यानंतरचं. थोड्या वेळाने मेईने माझ्या दंडाला हात लावला आणि हनुवटीने खुणावलं. शेतकऱ्याची मान एका बाजूला कलली होती, तोंड किंचित उघडं. तो भर दुपारी, सगळे दिवे चालू असताना, झोपला होता.

त्याची बायको उठायला लागली तशी मेईने तिला हाताने थोपवलं. आम्ही तिघी आवाज न करता तशाच बसून राहिलो. माझ्या पुढच्या पेशंटला मी बाहेर थांबायला सांगितलं.